मधलं फाटक

युलाबिनमध्ये गाडी थांबवावी असं वरवर बघता काहीच नाही. पेट्रोल भरायचं, बेकरीतून एक मीट पाय घ्यायचा आणि पुढं सुटायचं, असलं हे गाव. पण जुन्या रेल्वे स्टेशनाच्या तिकीटघरात, जिथं आता प्रवाशांना माहिती देतात, नोला पॅस्को बसलेली असली आणि तुम्ही चुकून तिला विचारलंत, “इथं बघण्यासारखं काही आहे का हो?” की संपलं. पुढचा अर्धा दिवस तुमचा राहत नाही.

“काही आहे का म्हणजे?” ती चष्म्यावरून बघायची. “बसा. घाई आहे? घाई असलेल्यांनी विमानानं जावं. विमान आमच्याकडं थांबत नाही, तेवढाच त्रास वाचतो.”

मग ती कोरा कागद पुढं ओढायची. छापील नकाशांचा गठ्ठा तिच्या पाठीमागच्या फळीवर पडलेला असायचा, पण तो तिनं कुणाला दिलेला मी तरी पाहिला नाही. ती पेन्सिलीनं काढायची, समोरच्या माणसाकडं बघत बघत. पोरंबाळं असली तर बंधाऱ्याजवळ डुंबायची जागा आधी. गुडघे दुखणारं कुणी असलं तर गाडी थेट बाकापर्यंत कुठं जाते ते. नवंनवं जोडपं असलं तर सगळं सोडून टेकडीवरचं एकच बाक, आणि वर म्हणायची, “तिथं मोबाइल लागत नाही. तेव्हा एकमेकांशीच बोलावं लागेल, तयारी करून जा.”

त्या टेकडीला आम्ही खोगीर म्हणतो, कारण मधे बसकी आणि दोन्हीकडं उचललेली आहे. नोला आखून देते त्या चौसष्ट किलोमीटरच्या फेऱ्यातली ती शेवटची जागा. वर गेलं की पन्नासेक किलोमीटर नुसतं सपाट दिसतं, आणि संध्याकाळी त्या सपाटीवर जो रंग उतरतो त्यासाठी लोक सिडनीहून येतात. फक्त वर जाणारी वाट सरकारी नाही. ती क्लेम हॅड्रिलच्या मेंढ्यांच्या कुरणांतून जाते, त्याच्या मर्जीवर, आणि तिच्यावर तीन फाटकं आहेत.

म्हणून नोला नकाशा हातात द्यायच्या आधी धडा घ्यायची. “फाटक कसं सोडायचं?”

“बंद करून,” लोक म्हणायचे. सगळे हेच म्हणतात.

“चूक! जसं सापडलं तसं. बंद सापडलं तर बंद. उघडं सापडलं तर उघडं. उघडं असेल तर शेतकरी विसरला असं समजू नका, त्याला त्याचं कळतं. हं, म्हणा आता माझ्यामागं.”

आणि लोक म्हणायचे. विद्यापीठात शिकवणारा एक टाय लावलेला माणूस तिच्यासमोर तीनदा म्हणून गेलाय, मी होतो तिथं. तिसऱ्यांदा तिनं त्याला सोडलं तेही “ठीक आहे” म्हणून, “शाबास” म्हणून नव्हे.

ही तीन फाटकं तिच्या इतक्या जिवाभावाची असायला कारण होतं. एके काळी ती तिचीच होती. नवरा रॉस होता तोवर ते कुरण, त्या मेंढ्या, तो पत्र्याचा बंगला सगळं पॅस्कोंचं. बाविसाव्या वर्षी लग्न होऊन ती तिथं गेली आणि एकतीस वर्षं राहिली. रॉस गेला, एकटीला झेपेना, तेव्हा तिनं सगळं क्लेमला विकलं आणि गावात दोन खोल्यांच्या घरात येऊन राहिली. त्यालाही आता सव्वीस वर्षं झाली. क्लेम तेव्हा चौतिशीचा होता, आता साठीचा, आणि अजून त्या जागेला सगळं गाव ‘पॅस्कोंचं’च म्हणतं. बिचाऱ्या क्लेमनं ते कधी मनावर घेतलं नाही.

मंगळवारी तिकीटघर बंद असतं. त्या दिवशी नोला आपली पांढरी यूट, म्हणजे मागं उघडा हौदा असलेली गाडी, काढून सगळा फेरा करून यायची. वाट कुठं खचलीय, बंधाऱ्यात पाणी किती, बाकावर कुणी नाव कोरलंय का, सगळं बघून यायची. “लोकांना पाठवायचं तर आधी आपण जाऊन यायला नको?” असं ती म्हणायची. खरं सांगायचं तर लोकांसाठी ती निम्मीच जायची. उरलेली निम्मी कुणासाठी जायची ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणी कधी तोंडावर बोलून दाखवलं नाही.

तर गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. ऊन असं की डांबर बुटाला चिकटत होतं. बेचाळीस, त्रेचाळीस, पुन्हा बेचाळीस. क्लेमच्या मधल्या कुरणात पाण्याचा नळ फुटला आणि मेंढ्यांचा हौद कोरडा पडला. त्याच्या मुलीला पहिलं बाळ झालं होतं, त्याला चार दिवस सिडनीला जायचं होतं. त्यानं काय केलं, मधलं फाटक सताड उघडलं आणि खांबाला बांधून ठेवलं, म्हणजे मेंढ्या आपल्या आपण टेकडीकडच्या हौदावर पाण्याला जातील. सोमवारी पहाटे तो गेला. शुक्रवारी आला, तर फाटक बंद आणि कुंपणाच्या अलीकडं अकरा मेंढ्या मरून पडलेल्या. गाभण होत्या. बाकीच्या मेंढ्या फाटकाला तोंडं लावून उभ्या होत्या, पलीकडचा हौद त्यांना दिसत होता.

क्लेम तडक तिकीटघरात आला. टोपीसुद्धा काढली नाही त्यानं.

“त्या चार दिवसांत कुणाला पाठवलंस वर?”

नोलानं नोंदवही उघडली. एवढ्या उन्हात कोण येणार? एकच जोडपं होतं, बुधवारचं. लेली आणि डोरिस झॅमिट, सिडनीचे. तो निवृत्त बसचालक, मूळचा माल्टाचा, तोंडभर हसणारा. बायको चाकाच्या खुर्चीत. नावापुढं त्यानं फोन नंबरही लिहिला होता, मोत्यासारख्या अक्षरात.

“धडा दिला होतास?”

“दिला होता रे. दोनदा म्हणून घेतलं.”

“मग तुझा धडा गेला खड्ड्यात,” क्लेम म्हणाला आणि तिथूनच फोन लावला. नोलानं त्याला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. पलीकडचा माणूस काहीतरी सांगत होता, “बंदच होतं हो साहेब, आम्ही आलो तेव्हा बंदच,” असं. पण क्लेम ऐकतोय कसला! “बांधलेलं फाटक आपणहून बंद झालं? दोरी सोडून घेऊन गेलात तुम्ही! दोरीसुद्धा ठेवली नाहीत!” असं ओरडून त्यानं फोन ठेवला. मग तो खुर्चीत बसला. नोलानं त्याला पाणी दिलं.

“बंद,” तो म्हणाला. “आजपासून खोगीर बंद. पहिल्या फाटकाला कुलूप घालणार. नकाशातून काढून टाक.”

“बरं.”

“तुला नाही गं. तुझ्यासाठी किल्ली करून देतो. तू हवी तेव्हा ये. तुला फाटक शिकवायची वेळ यायचीय का माझ्यावर?”

तिला त्या वेळी बरं वाटलं, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. झॅमिटवर ती मनापासून चिडली होती. पुढचे दहा दिवस तिकीटघरात जो येईल त्याला ती त्या अकरा मेंढ्यांची कथा सांगत होती आणि शेवटी म्हणत होती, “शहरातले लोक! दोनदा म्हणून घेतलं होतं मी!”

अकराव्या दिवशी पत्र आलं. तिकीटघराच्या पत्त्यावर, त्याच मोत्यासारख्या अक्षरात.

“श्रीमती पॅस्को,” लेलीनं लिहिलं होतं, “मला क्लेमसाहेबांचा पत्ता ठाऊक नाही म्हणून तुम्हाला लिहितो. मला पक्कं आठवत होतं की फाटक बंद होतं, मी उघडलं, गाडी नेली आणि परत लावलं. दोरी मी पाहिलीच नाही. पण ते साहेब इतक्या खात्रीनं बोलले की मीच मला विचारायला लागलो. मी शहात्तर वर्षांचा आहे. डोरिसला बाहेर बघून इतका आनंद झाला होता की माझं सगळं लक्ष तिच्याकडंच होतं. तेव्हा माझ्याच हातून झालं असणार. मुलालाही तसंच वाटतं. त्यानं गाडीची किल्ली काढून घेतली आहे. त्याचं चूक नाही, उद्या मी सिग्नल विसरलो तर? त्या मुक्या जिवांबद्दल मला फार वाईट वाटतं. साहेबांना सांगा, मला माफ करा. तुम्ही काढून दिलेला नकाशा डोरिसनं भिंतीला लावलाय. ती आमची शेवटची सहल होती, चांगली झाली.”

नोलानं पत्र दोनदा वाचलं. “असूदे, कबूल तरी केलं,” असं काहीसं ती पुटपुटली. पण तिला ते पत्र घडी घालून ठेवायला जमेना. शेवटी यूटमध्ये ठेवू आणि संध्याकाळी क्लेमला नेऊन देऊ म्हणून ती उठली. गाडीचं दार उघडून तिनं दाराच्या खणात हात घातला. खण चिंध्या, बिलं आणि दोऱ्यांच्या तुकड्यांनी भरलेला. शेतावर राहिलेलं माणूस गवताच्या भाऱ्याची दोरी कधी टाकत नाही, दिसली की वळकटी करून खिशात घालतं, केव्हा लागेल सांगता येत नाही. पॅस्कोंच्या घरात तर दोरी टाकणं मीठ सांडण्याइतकं पाप मानत.

तिनं वरचीच वळकटी बाहेर काढली. निळी आणि नारिंगी, दोन्ही एकत्र पीळ घातलेली.

असा पीळ या मुलखात एकटा क्लेम हॅड्रिल घालतो. एकेरी दोरी उन्हानं तुटते म्हणून.

ती तशीच दारात बसली, पाय बाहेर टाकून. आणि मग तिला तो मंगळवार आठवला. आठवला म्हणजे डोळ्यांना नाही, हातांना आठवला. यूट थांबवली होती, उतरली होती, दोरीची गाठ घट्ट होती म्हणून नख दुखलं होतं. मनात काय चाललं होतं? रॉसचं काहीतरी. तो नेहमी ओरडायचा, ‘मधलं फाटक, नोला! मधलं उघडं राहिलं तर दोन्ही कळप एक होतील!’ एकतीस वर्षं ते फाटक तिनं बंद ठेवलं होतं. त्या मंगळवारीही तिनं ते बंद केलं, दोरी वळून खिशात घातली, आणि वर जाऊन बाकावर बसली. फाटक आता आपलं नाही, एवढंच ती विसरली होती.

त्या माणसाला बुधवारी फाटक बंदच सापडलं होतं. जसं सापडलं तसं त्यानं सोडलं. सगळ्यांत धडा नीट पाळला तो त्यानंच.

आता तुम्ही म्हणाल, ती लगेच उठली आणि क्लेमकडं गेली. छे हो! माणूस आहे ती. ती घरी गेली, चुलीजवळ उभी राहिली आणि दोरी जाळून टाकावी असं तिच्या मनात आलं. कुणाला कळणार होतं? तिची मुलगी रॉबिन शहरात राहते आणि दोन वर्षांपासून तिच्यामागं लागलीय, “आई, आता एकटी राहू नकोस, गाडी सोड, इकडं आमच्या जवळ खोली बघितलीय.” दर रविवारी फोनवर तेच. नोला हसून उडवून लावायची, कारण तिला उडवता येत होतं. आता रॉबिनला हे कळलं की काय होणार, ते काही वेगळं सांगायला नको. तिकीटघर जाणार, यूट जाणार, मंगळवार जाणार. एकोणऐंशीव्या वर्षी एवढं काढून घेतलं तर मागं काय उरतं माणसाचं? ती स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली, “मेंढ्या तर गेल्याच ना. बोलून त्या परत येणारेत थोड्याच?”

चार दिवस तिनं असे काढले. तिकीटघरात कुणी वाट विचारली की ती छापील नकाशा द्यायला लागली. तिथल्या ग्लेनिसनं विचारलं, “बरं नाही का गं?” तर तिच्यावर खेकसली. आणि डोक्यात सारखं एकच, की तो माणूस गॅरेजात उभ्या गाडीकडं बघत बसला असेल, न केलेली गोष्ट आठवायचा प्रयत्न करत. आठवणार कुठून? झालेलीच नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी ती क्लेमच्या घरी गेली. पहिल्या फाटकाचं कुलूप त्यानं दिलेल्या किल्लीनं उघडलं, परत लावलं, दोनदा ओढून बघितलं. क्लेम स्वयंपाकघरात टोस्ट खात होता. तिनं दोरी त्याच्या ताटलीशेजारी ठेवली.

“कुठं सापडली?” त्यानं विचारलं.

“माझ्या गाडीत.”

“गाडीत कशी—”

“मी लावलं फाटक, क्लेम. मंगळवारी. त्या माणसांनी नाही. मी.”

त्यानं दोरी उचलली, पीळ बघितला, खाली ठेवली. मग म्हणाला, “अकरा, नोला.”

“माहीत आहे.”

“नाही माहीत तुला! तू नव्हतीस ओढायला. मी एकट्यानं ओढल्या. पोटातल्यांसकट.” त्याचा आवाज चढला होता. “तू? अगं, दुसरं कुणीही चाललं असतं! सगळ्या दुनियेला शहाणपण शिकवतेस तिथं बसून!”

“हो.”

“हो काय हो! रॉस असता तर काय म्हणाला असता?”

“तोच म्हणत होता,” ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. “तोच माझ्या डोक्यात ओरडत होता रे, मधलं लाव म्हणून. मला वाटलं माझंच आहे अजून.”

क्लेम उठून खिडकीपाशी गेला. पाठमोराच राहिला. तिनं लेलीचं पत्र टेबलावर ठेवलं आणि डोळे पुसत म्हणाली, “तुला जे बोलायचंय ते मला बोल, पण आधी हे वाच.”

त्यानं उभ्या उभ्या वाचलं. किल्लीच्या ओळीशी आल्यावर तो खाली बसला. “मी फार बोललो त्याला,” तो म्हणाला. “फार वाईट बोललो.” मग भिंतीवरचा फोन काढून त्यानं तिच्यापुढं केला. “लाव. माझ्यासमोर लाव. मोठ्या आवाजावर ठेव.”

नंबर पत्राखाली होता, लेलीनंच उचलला. नोलानं नाव सांगितलं तसा तो घाबरला, “काही आणखी झालं का?” म्हणून विचारू लागला.

“झॅमिटसाहेब, फाटक तुम्ही लावलं नाही. मी लावलं. तुमच्या आदल्या दिवशी. दोरी माझ्या गाडीत सापडली.”

पलीकडून अगदी हळू, “बंदच होतं म्हणजे?”

“बंदच होतं.”

“मी आलो तेव्हा?”

“तुम्ही आलात तेव्हा. तुम्हाला आठवत होतं ते अगदी बरोबर होतं.”

“थांबा,” तो म्हणाला, “थांबा हं, ठेवू नका, डोरिसला सांगा.” फोन कुणाकडं तरी गेला, खुर्चीच्या चाकांचा आवाज आला, आणि नोलानं डोरिसला पहिल्यापासून सांगितलं. मग लेली लांबून ओरडला, “रेमंडला पण! रेमंड, इकडं ये!” मुलगा आला. त्याचा आवाज सावध होता, ऑफिसात बोलावं तसा.

“तुमचे वडील शाबूत आहेत,” नोला त्याला म्हणाली. समोर क्लेम बसला होता, तो ऐकत होता, आणि तिला ते बोलणं जिवावर आलं होतं. पण ती बोलली. “त्यांनी सगळं नीट केलं, सगळं नीट आठवलं. विसरले ती मी. विसराळू म्हातारी मी आहे. त्यांची किल्ली द्या परत.”

मुलगा “हो” म्हणाला, “बरं” म्हणाला. मग लेलीनं फोन घेतला. तो रडत होता की हसत होता कळत नव्हतं. नोलाला वाटलं, आता हा बोलेल, आणि त्याला बोलायचा हक्क आहे. ती ऐकून घ्यायला तयार होऊन बसली.

“बाई,” लेली म्हणाला, “मग आता तुमचं काय? तुमची गाडी काढून घेणार नाही ना कुणी?”

एवढ्या दिवसांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारणारा हा. तिनं मान हलवली, जणू फोनमधून ते त्याला दिसणार होतं.

क्लेमनं तिच्या हातातून फोन घेतला.

“झॅमिटसाहेब, मी क्लेम हॅड्रिल. तुम्हाला जे बोललो त्याची मला लाज वाटते. डोरिसबाईंना घेऊन या, फाटकं मी स्वतः उघडायला येतो,” तो म्हणाला, आणि मग नोलाकडं न बघता पुढं म्हणाला, “आणि तिच्या गाडीला कोण हात लावतो ते बघतो मी. तिच्या पोरीशीही मी बोलेन. फक्त तिच्याशी मी आठवडाभर बोलणार नाही, तेवढं तिनं सोसायचं.”

त्यानं फोन ठेवला, किटली भरून गॅसवर ठेवली, आणि दोन कप काढले. खरोखरच एक शब्दही न बोलता त्यानं तिच्यापुढं चहा ठेवला आणि ती पिऊन होईतो समोर बसून राहिला.